जुन्या ओमनीची टक-टक: इंजिन उतरवण्याआधी

तुमच्या मारुती ओमनी व्हॅनच्या इंजिनातल्या टक-टकीबद्दल तुम्ही विचारलंत; त्या प्रश्नातलं शेवटचं वाक्य आधी घेतो, कारण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे. तुम्ही सहज लिहून गेलात की आईला हल्ली गाडीत बसलं की डोकं दुखतं, मळमळतं, काच उघडली की जरा बरं वाटतं, आणि गाडी लागत असेल म्हणून घरात कुणी फारसं मनावर घेतलं नाही. हे मनावर घ्या. आवाजाचं कारण सापडेपर्यंत आईला त्या गाडीत बसवू नका. तुम्हाला गाडी न्यावीच लागली तर पुढच्या दोन्ही काचा पूर्ण खाली ठेवा आणि मागचं दार घट्ट लावा. सामान बाहेर येतं म्हणून मागचं दार उघडं ठेवून दोरी बांधतात, तसं अजिबात करू नका, त्या दारातून सायलेन्सरचा धूर उलटा आत ओढला जातो. आणि पडवीत शटर ओढून, गाडी चालू ठेवून आवाज ऐकत बसू नका. हे सगळं का, ते पुढे येईलच.

बाकीची हकिकत तुमच्याच शब्दांत थोडक्यात: वडिलांच्या वेळची १९९८ ची ओमनी, कार्बोरेटरवाली, १,३०,००० किलोमीटर झालेली, इंजिन कधी खोललेलं नाही. केटरिंगची भांडी घेऊन चिपळूणहून कराडला महिन्यातून तीन-चार फेऱ्या. पावसाळा संपल्यावर सायलेन्सर बदलला, त्यानंतर काही दिवसांनी टक-टक सुरू झाली. सकाळी पहिल्या सेल्फला आवाज मोठा, दहा-पंधरा मिनिटांनी बराच कमी. कुंभार्ली घाट चढताना मात्र पुन्हा जोरात. ऑइल चार महिन्यांपूर्वी बदललंय, डिपस्टिकवर पातळी बरोबर, ऑइलचा दिवा वेळेवर विझतो. टॅपेट (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकरची गॅप) दोनदा सेट केले, फरक शून्य. आता मिस्त्री म्हणतात कनेक्टिंग (पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या रॉडचं बेरिंग) गेलं, इंजिन उतरवावं लागेल.

मी कोल्हापुरात, उद्यमनगरात, पेट्रोल इंजिनांवर तीस वर्षांहून जास्त काम करतो आहे, आणि त्यातली निम्म्याहून जास्त इंजिनं मारुतीची. गाडी समोर नसताना छातीठोक सांगणं बरोबर नाही, पण तुम्ही जे लिहिलंय ते कनेक्टिंगच्या आवाजाशी जुळत नाही. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड म्हणजे सिलिंडरांमधून निघणारा जळका गॅस गोळा करणारा नळ. त्याच्या पॅकिंगमधून, किंवा मॅनिफोल्ड आणि सायलेन्सरचा पुढचा पाइप जिथे जोडला जातो तिथून, गॅस फुटतोय असा माझा अंदाज आहे. तसं असेल तर हे इंजिन उतरवायचं काम नाही.

अंदाज कशावरून, ते सांगतो. आवाज कुठून येतो हे सगळेच विचारतात. मी आधी आवाज कधी येतो ते विचारतो. ओमनीत तर हे फार खरं आहे. इंजिन पुढच्या सीटांच्या खाली, वर एक झाकण, भोवती सगळा पत्रा. पत्र्याच्या डब्यात वाटाणा टाकून डबा हलवला तर वाटाणा कुठल्या कोपऱ्यात आहे ते कानाला कळत नाही, तसंच इथे होतं. सीट उचलून कान लावणारा माणूस प्रत्येक आवाज ‘इंजिनच्या आतून’ येतोय असंच सांगणार. थंड की गरम, रेस देताना की सोडताना, चढावर की उभ्या गाडीत, ही वेळ मात्र फसवत नाही.

कनेक्टिंग रॉडचं बेरिंग झिजलं की त्याच्या आणि क्रँकच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याच्या, मध्ये जागा होते. ती जागा ऑइल भरून काढतं. ऑइल थंड असताना घट्ट असतं, म्हणून सकाळी हा ठोका दबलेला असतो, आणि गाडी तापली, ऑइल पातळ झालं की उघडा पडतो. म्हणजे तुमच्या बरोबर उलट. आवाजही वेगळा, खोल, जड, ठक-ठक, हातोडी लाकडावर पडल्यासारखा. उभ्या गाडीत मध्यम रेसवर इंजिन स्थिर धरून अ‍ॅक्सिलेटर पटकन सोडला, तर सोडण्याच्या त्या क्षणी तो हमखास बोलतो. सोबत बहुतेक वेळा ऑइलचं प्रेशर पडलेलं असतं, गरम इंजिनात स्लोवर दिवा लुकलुकतो. यातलं एकही लक्षण तुम्ही लिहिलेलं नाही.

टॅपेटचा आवाज हलका, शिवणयंत्रासारखा. ओमनीचं ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, हेड म्हणजे सिलिंडरांच्या डोक्यावरचा ठोकळा, तो अ‍ॅल्युमिनियमचा, आणि व्हॉल्व्ह उघडणारा कॅम वर त्या हेडमध्येच. हे हेड तापून फुगलं की टॅपेटची गॅप थोडी वाढते. म्हणून मारुतीच्या मॅन्युअलमध्ये थंड इंजिनाचा आकडा वेगळा आणि गरमचा वेगळा, त्याहून मोठा असतो. याचा अर्थ टॅपेट वाजत असेल तर गरम झाल्यावर तो गप्प बसायला नको. तुमचा बसतो.

इथे जरा थांबतो, कारण टॅपेट दोनदा सेट केले हे वाचून मला काळजी वाटली. आवाज बंद होईना म्हणून गॅप ठरलेल्या आकड्यापेक्षा कमी तर केली नाही ना, हे मिस्त्रींना स्पष्ट विचारा. घट्ट केलेला टॅपेट आवाज करत नाही, पण व्हॉल्व्ह पुरता बसत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बहुतेक उष्णता तो हेडमधल्या आपल्या सीटवर (बसायच्या कड्यावर) टेकल्यावरच हेडमध्ये उतरते. टेकलाच नाही तर कडा जळते, मग कॉम्प्रेशन जातं आणि हेड खरंच उतरवावं लागतं. थोडा वाजणारा टॅपेट वर्षानुवर्षं चालतो, घट्ट टॅपेट काही हजार किलोमीटरमध्ये व्हॉल्व्ह खातो. अजून एक गोष्ट नव्या मुलांना माहीत नसते. रॉकरच्या टोकाला झिजून खळगा पडला असेल तर सपाट फिलर गेज (गॅप मोजायची पातळ पट्टी) त्या खळग्यावरून पुलासारखी जाते. गेज सांगते गॅप बरोबर आहे, खरी गॅप खळग्याच्या खोलीइतकी जास्त असते. अशा वेळी कितीही वेळा सेट करा, आवाज तसाच राहतो. म्हणून टॅपेटचं झाकण उघडलं आहेच तर रॉकरच्या टोकावरून नख फिरवून बघा.

तुमच्या वर्णनाशी जुळणाऱ्या दोनच गोष्टी उरतात. एक, पिस्टन सिलिंडरच्या भिंतीवर आपटणं. पिस्टन अ‍ॅल्युमिनियमचा, भिंत लोखंडी. थंड असताना पिस्टन आकसलेला, म्हणून ढिला, तापला की फुगून जागेवर बसतो. हा आवाजही सकाळी मोठा आणि नंतर कमी, पण तो बद्द असतो, मातीच्या मडक्यावर बोट वाजवल्यासारखा, आणि तो एका पावसाळ्यानंतर अचानक उगवत नाही, वर्षं वर्षं हळूहळू वाढतो. गाडी तापल्यावर घाटात तो परत जोरात येण्याचंही कारण नाही.

दुसरी गोष्ट मॅनिफोल्डची गळती, आणि तिच्यात तुमचं प्रत्येक वाक्य बसतं. सकाळी मॅनिफोल्ड थंड असतो, फट उघडी असते, गॅस फट-फट करून बाहेर पडतो. मॅनिफोल्ड तापून फुगला की फट बरीचशी मिटते. घाटात अ‍ॅक्सिलेटर दाबला की सिलिंडरमधून निघणाऱ्या गॅसचा दाब एवढा वाढतो की मिटलेल्या फटीतूनही तो वाट काढतो. हा आवाज टॅपेटसारखा का वाटतो, याचंही कारण आहे. प्रत्येक सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदाच उघडतो, आणि कॅमही क्रँकच्या निम्म्याच गतीने फिरतो. त्यामुळे एका सिलिंडरची गळती आणि एका टॅपेटची टक-टक यांचा ताल अगदी एक. फटीतून दाबाखाली सुटणारा गॅस पत्र्याच्या आत घुमला की धातूवर धातू आपटल्यासारखाच ऐकू येतो. चांगले चांगले कान इथे फसतात. माझेही फसले आहेत.

आणि सायलेन्सर. नवा सायलेन्सर बसवताना जुना गंजलेला जोड सोडवायला पाइपला हिसके दिले जातात, आणि त्या हिसक्यांचा जोर थेट मॅनिफोल्डच्या स्टडवर, म्हणजे त्याला हेडशी धरून ठेवणाऱ्या आटे पाडलेल्या खुंट्यांवर, जातो. कोकणातल्या हवेत हे स्टड आणि नट आधीच गंजलेले. नवा पाइप थोडा आखूड किंवा वाकडा बसला, त्याचं लटकवायचं रबर ताणलं गेलं, की तो रोज मॅनिफोल्डला खाली ओढत राहतो. त्यात इंजिनाची रबरं, ज्याला आपण फाउंडेशन म्हणतो, २५ वर्षांत दबून बसलेली असतील तर इंजिन प्रत्येक झटक्याला हलतं आणि पाइप हलत नाही. मधलं पॅकिंग किती दिवस टिकणार? माझ्याकडे आलेल्या गळत्यांमध्ये पॅकिंग बदलून दोन महिन्यांत परत फुटलेल्या बऱ्याच होत्या, आणि बहुतेकांत दोष पॅकिंगचा नव्हताच, बसलेल्या फाउंडेशनचा किंवा ताणलेल्या पाइपचा होता.

आता आईच्या डोकेदुखीकडे. मॅनिफोल्डमधून निघणारा गॅस सायलेन्सरपर्यंत पोचलेलाच नसतो, आणि ओमनीत तो तुमच्या सीटखाली सुटतो. पेट्रोल इंजिनच्या या गॅसमध्ये कार्बन मोनॉक्साइड असतो, कार्बोरेटरवाल्या जुन्या इंजिनात तर चांगलाच, विशेषतः सकाळी चोक ओढलेला असताना. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो, म्हणून थोडा थोडा श्वासात गेला तरी रक्तात साठत जातो. डोकं दुखणं, मळमळ, गुंगी, चिडचिड ही त्याची सुरुवातीची लक्षणं, आणि ती गाडी लागण्यासारखीच दिसतात. सीटखालच्या झाकणाचं रबर १९९८ पासूनचंच असेल तर ते आता कडक होऊन तडकलेलं असणार, म्हणजे गॅसला वर यायला वाट मोकळी. डोकेदुखीचं कारण हेच आहे असं मी इथे बसून ठामपणे म्हणू शकत नाही, पण काच उघडल्यावर बरं वाटतं हे तुम्हीच लिहिलंय. डॉक्टरांना दाखवाल तेव्हा गाडीच्या गळतीची शंका त्यांच्या कानावर जरूर घाला, नाहीतर ते पित्ताची गोळी देऊन पाठवतील. आणि गाडीत कुणाला गुंगी आली तर गाडी थांबवून त्याला आधी मोकळ्या हवेत न्या, तडक दवाखाना गाठा.

खात्री कशी करायची? सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना, अंगणात किंवा रस्त्यावर उघड्यावर. हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रल, चाकांना दगड. सीट उचलून झाकण काढा. चालू करण्याआधी नीट बघा: मॅनिफोल्ड जिथे हेडला टेकतो त्या रेषेवर कुठे काजळीचा काळा फराटा आहे का. गळती जुनी असेल तर हा फराटा बहुतेक वेळा दिसतोच, आणि तो दिसला की निम्मं निदान झालं. मग तिन्ही प्लग हाताला लागतील तसे पान्याने घट्ट आहेत का पाहा. ढिला प्लगही अगदी असाच फट-फट करतो, आणि तो आवळायला पैसे लागत नाहीत.

मग हाताएवढी लांब, दोन्ही तोंडं उघडी असलेली रबरी नळी घ्या, बागेत पाणी घालायची चालेल. एक टोक कानाशी धरा, इंजिन चालू करून दुसरं टोक मॅनिफोल्डच्या कडेने, धातूला न टेकवता, इंच इंच फिरवा. गळतीसमोर आलं की आवाज थेट कानात फुटतो, हवेचा झोत जाणवतो. स्क्रू ड्रायव्हर कानाला लावायची पद्धत सगळ्यांना माहीत असते, पण ती धातूतून येणाऱ्या ठोक्यासाठी. गॅस शोधायला उघडी नळीच हवी. बेल्ट आणि पंख्यापासून बाह्या, ओढणी, साडीचा पदर लांब ठेवा.

पुढे मदतनिसाला सांगा, जाड ओला फडका हातमोज्यावर घेऊन सायलेन्सरच्या शेवटच्या तोंडावर दोन-तीन सेकंद दाबून धरायला, जास्त नाही. मागे वाट अडली की गॅस पुढच्या फटीतून जोराने निघतो. टक-टक वाढली, सोबत फस्स ऐकू आलं, की विषय संपला. बेरिंगला किंवा टॅपेटला या फडक्याने काहीही फरक पडत नाही, म्हणून ही चाचणी मला फार आवडते.

तरीही शंका राहिली तर प्लगच्या वायरी एकेक करून काढायच्या, रबरी मूठ असलेल्या पकडीने, आणि काढलेली वायर लगेच इंजिनच्या धातूला टेकवून ठेवायची. ज्या सिलिंडरची वायर काढल्यावर आवाज मऊ पडतो तिथे दोष आहे. एक मात्र लक्षात ठेवा, कनेक्टिंगचा ठोकाही असाच मऊ पडतो, म्हणजे ही चाचणी सिलिंडर सांगते, रोग नाही. तुमच्या मिस्त्रींनी कदाचित हीच केली असेल आणि कनेक्टिंगवर येऊन थांबले असतील, आणि त्यात त्यांचा हेतू वाईट होता असं मला वाटत नाही. गाडी मूळची मुंबईची असेल तर या चाचणीला वेळ कमी लावा. १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा डबा) सक्तीचा झाला होता, आणि न जळलेलं पेट्रोल त्यात गेलं की तो लाल होईपर्यंत तापतो.

बेल्ट काढून बघायलाही विसरू नका. फॅन बेल्ट उतरवून थंड इंजिन फार तर अर्धा-पाऊण मिनिट चालवा, त्याहून नाही, कारण वॉटर पंप त्याच बेल्टवर आहे. आवाज गेला तर पंप किंवा अल्टरनेटर. हे सांगण्यामागे एक जुनं दुःख आहे. धंद्याच्या सुरुवातीच्या वर्षांत शाळेची मुलं नेणारी एक ओमनी माझ्याकडे आली होती. जड ठोका, स्लोवर जास्त. मी कनेक्टिंग म्हणालो, इंजिन उतरवलं, सगळं खोललं, बेरिंगं हातात घेतली तर ती चांगली. दोष क्रँकच्या पुढच्या पुलीत होता. बोल्ट ढिला झाला होता, चावीची खाच खाल्ली गेली होती, आणि पुली प्रत्येक फेरीत क्रँकवर ठोके देत होती. त्या माणसाची दहा दिवसांची कमाई बुडाली. पैसे मी घेतले नाहीत, पण गेलेले दिवस मी परत देऊ शकलो नाही. तेव्हापासून इंजिनच्या बाहेर लटकणारं सगळं हलवून पाहिल्याशिवाय मी आतलं बोलत नाही. पुली हाताने धरून हलवा, डुलली तर तिथेच थांबा.

गळती निघाली तर दुरुस्तीत घाई नको. आदल्या संध्याकाळी स्टडवर गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर मुरू द्या. नट जोराने सोडू नका, थोडा सोडा, थोडा आवळा, परत सोडा. अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमध्ये लोखंडी स्टड तुटला की अर्ध्या दिवसाचं काम चार दिवसांचं होतं. तुटलाच तर घरी ड्रिल चालवू नका, लेथवाल्याकडे न्या, आटे खराब झाले असतील तर तो हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवून देतो.

मॅनिफोल्ड निघाला की त्याच्या तोंडांवर सरळ पट्टी आडवी ठेवा आणि खालून फिलर गेज घालून बघा. हेडचं अ‍ॅल्युमिनियम तापल्यावर मॅनिफोल्डच्या लोखंडाच्या जवळपास दुप्पट फुगतं, त्यामुळे हजारो वेळा तापून-निवून मॅनिफोल्डचं तोंड वाकडं होतं. वाकडा निघाला तर सरफेस ग्राइंडिंग करून घ्या, कराडला किंवा आमच्याकडे कोल्हापूरला तासाभराचं काम आहे. वाकड्या तोंडावर नवं पॅकिंग म्हणजे पैसे पाण्यात. तडा गेला असेल तर साध्या रॉडने वेल्डिंग करून घेऊ नका, बिडाचं लोखंड शेजारीच परत तडकतं. ओमनी १९८४ पासून २०१९ पर्यंत बनत होती, भंगार बाजारात तिचे चांगले मॅनिफोल्ड अजून मिळतात, तो घ्या. फक्त कार्बोरेटरवाल्या इंजिनाचाच आहे ना, जुना शेजारी ठेवून जुळवून घ्या.

पॅकिंग नवं, चांगल्या प्रतीचं. त्याला सिलिकॉनची पेस्ट लावू नका, एक्झॉस्टच्या उष्णतेत ती जळते आणि तिथेच नवी फट पडते. नट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, दोन-तीन टप्प्यांत आवळायचे. त्याच दिवशी फाउंडेशनची रबरं बघा, चिरलेली किंवा दबलेली असतील तर बदला, आणि पुढचा पाइप मोकळा सोडून बघा की तो न ओढता, न ढकलता मॅनिफोल्डच्या तोंडाशी आपोआप येतो का. येत नसेल तर सायलेन्सर बसवणाऱ्याकडून पाइप सरळ करून घ्या. झाकणाचं रबरही नवं टाका.

हे सगळं तपासून गळती सापडलीच नाही, तर ऑइल प्रेशर मोजून घ्या. ऑइलच्या दिव्याचा स्विच काढून त्या जागी प्रेशर मोजायचं घड्याळ (गेज) लावायचं. गरम इंजिनाला मिनिटाच्या दर हजार फेऱ्यांमागे साधारण १० पीएसआय (दाबाचं एकक) ही जुनी ढोबळ फूटपट्टी आहे. त्याच्या बरंच खाली असेल तर तुमच्या मिस्त्रींचं म्हणणं मी मान्य करीन, आणि मग गाडी चालवत न नेता टो करून न्या.

काम झाल्यावर पहिले तीन-चार दिवस गाडी एकट्यानेच चालवा, काचा उघड्या ठेवून. तापून-निवून पॅकिंग थोडं बसतं, म्हणून चौथ्या दिवशी सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना, नट परत एकदा आवळा. मग सायलेन्सरवर फडका धरून नळीने पुन्हा ऐका. पूर्ण शांत असेल, तर आईला घेऊन निघा.